नानांनी दिलेली सात नंबरची जागा

थांबा, थांबा! टाळ जरा खाली ठेवा मंडळी. मागचे पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेत ते झोपायला बसलेत, हे मला ठाऊक आहे. बसा, बसा! कीर्तनातली झोपही पुण्याचीच. फक्त घोरू नका, आमच्या पेटीवाल्या विश्वंभरपंतांचा सूर बिघडतो.

तर आज एकच प्रश्न घेऊन आलोय. सोपा आहे. देणं म्हणजे काय हो?

हसताय! "बुवा, एवढं कळत नाही होय? माझ्याकडचं तुमच्या हातात ठेवलं, झालं देणं!" असं? बरं. मग मी तुम्हाला एक छत्री दिली. सुंदर छत्री, लाकडी मुठीची! फक्त ती उघडत नाही. आता सांगा, मी दिली की नाही दिली? बघा, गप्प झालात! मला एका गावी कीर्तनानंतर मानाचा फेटा मिळाला. पाच वर्षांच्या मुलाच्या मापाचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढला. फोटोत मी, आणि माझ्या टाळूवर बसलेला फेटा! दिला ना त्यांनी? दिला. माझ्या डोक्यावर आला का? ते विचारू नका.

ऐका तर. साताऱ्यात एक इमारत आहे. नाव मंगलधाम. खाली गाड्यांची जागा, वर फ्लॅट. मूळ जागा श्रीनिवासराव खटावकरांची. सगळे त्यांना नाना म्हणतात. बायकोचं नाव कुसुम, म्हणजे सगळ्यांची कुसुमकाकू. इमारत होऊन नऊ वर्षं झाली, पण सोसायटी काही झाली नाही, त्यामुळे पाणी कधी सोडायचं, दिवा कुठं लावायचा, जिना कोणी झाडायचा, सगळा कारभार नानांच्या हातात. माणूस वाईट नाही हो! स्वतः पंप चालू करायला पहाटे उठणारा. फक्त एकदा बोलला की बोलला. शब्द मागे घेणं हे त्यांच्या घराण्यात कोणी केलेलंच नाही.

त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हिंदुराव शेडगे. एस्टीचे ड्रायव्हर. एकतीस वर्षं गाडी चालवली, घाटात चालवली, धुक्यात चालवली, आणि त्यांच्या हातून कधी कोंबडीसुद्धा चिरडली नाही! निवृत्तीच्या पैशातून फ्लॅट घेतला. बायको शालन. गरीब गाय? छे छे! शालनवहिनी म्हणजे बोलण्यात तिखट आणि करण्यात गोड, अशी बाई.

आता गाड्यांच्या जागा वाटायच्या होत्या. भांडण नको म्हणून नानांनी काय केलं? गणपती बसले होते. गणपतीसमोर ताटात चिठ्ठ्या टाकल्या आणि एका चिमुरड्या पोरीला उचलायला लावल्या! काय सुंदर युक्ती! कोणाला काही बोलायची सोय नाही. देवानं दिलं ते घ्या! शेडग्यांच्या वाट्याला सात नंबर आला. सात नंबर कुठं? अगदी कडेला, वरच्या गॅलरीतून दिसेल असा. एका बाजूला हा एवढा सिमेंटचा खांब, दुसऱ्या बाजूला पंपाच्या खोलीची भिंत. मधे सात नंबर. तेव्हा हिंदुरावांकडं गाडी कुठली! सायकल होती. सात नंबरात सायकल उभी राहिली, ऐटीत उभी राहिली. आठ वर्षं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आणि मग गेल्या माघात हिंदुरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. एकतीस वर्षं ज्या हातानं एस्टीचं ते एवढं स्टेअरिंग फिरवलं, तो हात मांडीवर नुसता पडलेला. डॉक्टर म्हणाले, "काकी, आठवड्यातनं तीनदा व्यायामाला आणायचं. पहिलं वर्ष महत्त्वाचं. या वर्षात जेवढं परत येईल तेवढंच आपलं."

ऐकलंत? एक वर्ष! मुदत घातलेली.

शालनवहिनीनं काय केलं असेल? रडली? रडली की! एक रात्र रडली. आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं. वय अठ्ठावन्न! क्लासवाला म्हणाला, "आजी, मुलाला पाठवा." ही म्हणाली, "मुलगा न्हाई. मी हाय. शिकवतूस का दुसरीकडं जाऊ?" दीड महिन्यात शिकली. जुनी छोटी गाडी घेतली, पांढरी. आणि आणली मंगलधामच्या दारात, आपल्या सात नंबरात लावायला.

गाडी आत गेली मंडळी! सरळ गेली. वहिनी खूश! दार उघडलं, तर चार बोटं उघडलं आणि खांबाला टेकलं. पलीकडचं दार उघडलं, तीन बोटं उघडलं आणि भिंतीला टेकलं. गाडी बसली, पण बाई उतरेना! आणि बाईचं सोडा, हिंदुरावांना दोन्ही बगलेला धरून बसवायचं तर दार पुरतं उघडायला नको?

मग गाडी कुठं लावायची? चार गल्ल्या सोडून मारुतीच्या देवळामागं. तुम्ही म्हणाल, दारात आणून थांबवावी की! आत वाटेत उभी करावी तर बाकीच्यांच्या गाड्या अडतात, आणि बाहेरचा रस्ता भाजीमंडईचा. दोन मिनिटं थांबलात की मागं टेम्पोवाला हॉर्नवरून हात काढत नाही, आणि हिंदुरावांना खाली आणायला वीस मिनिटं लागतात. रिक्षा करावी की! पाय मुडपत नाही हो त्यांचा, करून पाहिलं. एकदा तिनं त्यांना फाटकाशी खुर्चीवर बसवलं आणि गाडी आणायला धावली. सात मिनिटं! तेवढ्यात स्वतःच उठू म्हणून हिंदुराव उठले आणि आडवे झाले. ती आली तर नवरा जमिनीवर, आणि मंडईतली चार माणसं भोवती. त्या दिवसापासून तिनं धसका घेतला. आठवड्यातले तीनचे दोन झाले, दोनचा एक झाला. आणि वर्ष काही कोणासाठी थांबत नाही.

शालनवहिनी गेली नानांकडं. पेढे घेऊन गेली! भांडायला नव्हे. म्हणाली, "नाना, सात नंबरात गाडी लागत न्हाई. दुसरी कुठली बी द्या. कोपऱ्यातली द्या, उन्हातली द्या."

नाना म्हणाले, "शालनबाई, गणपतीसमोरची चिठ्ठी आहे. ती मी कशी बदलू? देवानं दिलेली जागा आहे ती."

आता देवाचं नाव आल्यावर माणसानं काय बोलायचं? ती पेढे ठेवून परत आली.

पुन्हा गेली. मग गच्चीवर सगळ्यांची बैठक झाली. नाना सुतळी घेऊन आले! सुतळीला दोन गाठी. स्वतः मोजमाप करून आले होते. "ही पहिली गाठ, ही दुसरी गाठ. या दोन गाठींमधलं अंतर म्हणजे तुमची गाडी. खांब ते भिंत यापेक्षा पाच इंच जास्त आहे. गाडी बसते!"

शालनवहिनी म्हणाली, "गाडी बसती, नाना. पर उतरायचं कसं?"

आणि मग नाना एक वाक्य बोलले. बोलायला नको होतं. म्हणाले, "जागेचा दोष नाही. तुम्हाला गाडी लावता येत नाही."

अरेरे! एस्टी ड्रायव्हरच्या बायकोला! अहो, विश्वंभरपंतांना पेटी येत नाही म्हटलं तर ते एक वेळ ऐकून घेतील — नाही पंत? बघा, मान हलवतात, पण डोळे काय म्हणतात बघा! वहिनी खाली मान घालून जिना उतरली. घरी हिंदुरावांनी डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काय न्हाई. बघतो म्हनले." खोटं बोलली. पहिल्यांदा खोटं बोलली नवऱ्याशी, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी घासली, घासलेलीच परत घासली.

आता आला दसरा.

मंगलधामची एक रीत आहे, मला फार आवडते. दसऱ्याला सगळ्या गाड्या धुवायच्या, आपापल्या नंबरावर उभ्या करायच्या, झेंडूचे हार घालायचे, आणि कुसुमकाकू आरतीचं ताट घेऊन एकेका गाडीला ओवाळते. स्कूटरला, सायकलला, कोणाच्या बाळाच्या ढकलगाडीलासुद्धा! तर काकू म्हणाली, "यंदा शालनची नवीन गाडी आहे. ती मारुतीच्या मागं बेवारशासारखी उभी राहणार? ते काही नाही. ती सात नंबरावर पाहिजे."

नाना छाती काढून पुढं! "आणा ती किल्ली. मी लावून दाखवतो. म्हणजे रोजची कटकट मिटेल."

काय थाट सांगू! पांढरं धोतर, नवा रेशमी सदरा, कपाळाला गंध. बसले गाडीत. सगळी इमारत बघायला उभी. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत हिंदुराव खुर्चीवर. नानांनी गाडी काय सुरेख घातली मंडळी! खांबाला धक्का नाही, भिंतीला धक्का नाही. सरळ आत! इंजिन बंद केलं. काच खाली केली. ती काच अर्धीच खाली येते, जुनी गाडी ना! आणि त्या अर्ध्या काचेतून नाना म्हणाले, "बसली की नाही?"

शालनवहिनी हात जोडून म्हणाली, "बसली नाना. आता उतरा."

नानांनी दार उघडलं, चार बोटं. पोट आत ओढलं. अहो, ओढून ओढून पोट कुठं जाणार? साठ वर्षांचं जमवलेलं! पलीकडच्या दाराकडं सरकले, धोतर गिअरमध्ये अडकलं. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "डिकीतून काढू या का?" नाना आतून ओरडले, "मी सावकाश उतरणार आहे!"

तुम्ही म्हणाल, बुवा, गाडी मागं घ्यायची की! बरोबर. सोपं होतं! किल्ली फिरवायची, रिव्हर्स टाकायचा, बाहेर. पण गाडी मागं घेणं म्हणजे शब्द मागं घेणं! आणि तो घराण्यात कोणी घेतला नव्हता. नानांनी काय करावं? रेडिओ लावला! जणू आपण गाणी ऐकायलाच बसलोय.

पाव तास गेला. अर्धा तास गेला. कुसुमकाकू ताट घेऊन आली. निरांजन लावलेलं, अक्षता, झेंडू. गाडीसमोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, मी गाडीची पूजा करू की तुमची?"

हसा, हसा! सगळी इमारत हसली. खाली जमलेल्यांत एकच माणूस हसलं नाही. शालनवहिनी. ती गेली घरात आणि चहा घेऊन आली. अर्ध्या काचेतून कप आत दिला, हळूच, सांडू नये म्हणून खाली बशी धरून. म्हणाली, "घ्या नाना. घाम आलाय तुमास्नी."

नानांनी कप घेतला. दोन्ही बाजूंना दारं, दोन्ही दारं बंद. तेव्हा त्यांची नजर वर गेली, गॅलरीकडं. हिंदुराव त्यांच्याकडंच बघत होते. हसत नव्हते हो. एका ड्रायव्हरनं दुसऱ्या अडकलेल्या ड्रायव्हरकडं बघावं तसं बघत होते. आणि डाव्या हातानं खूण करत होते — मागं घ्या, सरळ मागं घ्या, मी बघतोय.

आणि इथं कुसुमकाकू बोलली. नऊ वर्षं पोटात ठेवलेलं बोलली. "चिठ्ठ्या कोणी लिहिल्या होत्या हो? मी लिहिल्या. किती लिहिल्या? आठ. आणि जागा किती आहेत? दहा."

दोन कुठं गेल्या? मंडळी, त्या दोन ताटात पडल्याच नव्हत्या! त्या नानांनी आधीच बाजूला काढल्या. चांगल्या, रुंद, लिफ्टला लागून. एकीत नानांची गाडी. आणि दुसरी? दुसरी रिकामी. साखळी लावलेली. रोज सकाळी नाना स्वतः झाडायचे ती. नऊ वर्षं!

बघा कशी गंमत आहे! आपण काय म्हणालो? देवानं दिलं! अरे, देवाला तू निवडायला दिलंस काय? उरलेलं! चांगलं तुझ्या खिशात, राहिलेलं देवापुढच्या ताटात, आणि वर पावती देवाच्या नावानं! तो बिचारा गणपती सोंड हलवून सांगणार थोडाच, की बाबा, सात नंबर मी नाही दिला!

सगळे त्या साखळीकडं बघायला लागले. नाना मात्र समोर काचेतून बघत होते. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. म्हणाले, "ती श्रीरंगची आहे."

श्रीरंग त्यांचा मुलगा. एकुलता. हैदराबादला नोकरीला. दिवाळीला चार दिवस येतो, कधी मे महिन्यात येतो. कसा येतो? बसनं. पण नानांच्या मनात काय? आज ना उद्या पोरगा गाडी घेईल, एक दिवस हॉर्न वाजवत फाटकातून आत येईल, आणि त्याला कोणी म्हणता कामा नये की तुला इथं जागा नाही. म्हणून साखळी! आता सांगा, रागवायचं कसं या माणसावर? मला तर नाही रागावता येत. मीही बाप आहे. तुमच्यातही कितीजण बसलेत, ज्यांच्या घरात एक खोली कोणाची तरी वाट बघत झाडून ठेवलेली आहे.

शालनवहिनी खांबाशी टेकली आणि अर्ध्या काचेजवळ तोंड नेऊन बोलली. सगळ्यांना ऐकू जाईल असं नाही, नानांपुरतंच. पण कुसुमकाकूनं ऐकलं, म्हणून मला कळलं. म्हणाली, "नाना, पोराची जागा मला नगं. पोराचे दिवस पोराचे. त्यो यायच्या आदल्या दिशी मी गाडी काढीन, मारुतीमागं नीन. त्यो नसतो त्ये दिवस तेवढे मला द्या. यास्नी हात येस्तवर."

बघा ही बाई! अधिकारानं भांडू शकली असती. "तुम्ही फसवलंत" म्हणू शकली असती, आणि ते खरंही होतं. पण तिनं बापाला त्याचा पोरगा न हिसकावता जागा मागितली!

नानांनी रेडिओ बंद केला. किल्ली फिरवली. रिव्हर्स टाकला. आणि वरून हिंदुरावांचा डावा हात — या, या, या, सरळ या, बस! — असा हलत राहिला. गाडी बाहेर आली. नाना उतरले. धोतराला ग्रीस, सदरा घामानं ओला. सरळ लिफ्टजवळ गेले, वाकले, साखळी काढली, आणि गाडी स्वतः तिथं लावली. मग दार उघडलं. पुरतं उघडलं! उतरले, आणि पुन्हा एकदा उघडून बघितलं, माणूस दोन बगलांना धरून बसवायचा तर पुरेल का म्हणून. कुसुमकाकूनं तिथं गाडीला ओवाळलं. शालनवहिनीच्या डोळ्यांना पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. सणाचं पाणी होतं, असू दे म्हणाली.

संपली कथा? नाही नाही! अजून नाना आहेत की! संध्याकाळी सोनं वाटून झालं आणि नानांनी श्रीरंगला फोन लावला. मनात धाकधूक. पोराची जागा दिली ना दुसऱ्याला! म्हणाले, "बाळ, रागावू नकोस. तुझी जागा मी शेडग्यांना दिली."

तिकडून पोरगा म्हणाला, "कुठली जागा, बाबा?"

"अरे तुझी! लिफ्टजवळची. साखळी लावलेली."

"ती माझी होती? मला वाटायचं तिथं काहीतरी दुरुस्तीचं काम चाललंय."

नऊ वर्षं, मंडळी! नऊ वर्षं बापानं रोज झाडली. इथल्या गरजवंताला दिली नाही, आणि ज्याच्यासाठी ठेवली त्याला कधी सांगितलंच नाही! ही गेली कोणाकडं मग? कोणाकडंच नाही. साखळीकडं!

पोरगाच पुढं म्हणाला, "बाबा, मला गाडी लावायला जागा नको हो. मी स्टँडवर उतरतो ना, सकाळी सहाला, तेव्हा बाकीच्यांचे वडील आलेले असतात घ्यायला. तुम्ही एकदा या."

आणि नाना का जात नव्हते? सकाळी सहाला ते खाली जागा झाडत असायचे. पोरगा यायचाय म्हणून!

दिवाळीला नाना स्टँडवर गेले. पावणेपाचलाच जाऊन बसले, मफलर गुंडाळून. पोरगा उतरला तशी बॅग ओढून घेतली त्याच्या हातातून. आणि घरी कसे आले? शालनवहिनीच्या पांढऱ्या गाडीतून! ती म्हणाली, "पोराचे दिवस पोराचे म्हनले हुते ना? मग गाडी बी पोरासाठीच आणली."

हिंदुरावांचा हात आला का? खोटं सांगणार नाही. पुरता नाही आला. पाय बराच आला, काठीवर चालतात. हाताची दोन बोटं आली. आता व्यायामाला निघाले की ते गाडीत बसतात आणि त्या दोन बोटांनी दारावर वाजवतात, टक टक. म्हणजे चला! एकतीस वर्षं कंडक्टरच्या घंटीवर गाडी हलवली, आता स्वतः घंटी देतात. आणि शालनवहिनी, मोठ्या रुबाबात, आरसा बघून गाडी काढते.

हां. आता माझ्याकडं नका बघू. आता मी तुमच्याकडं बघणार आहे!

हे मागं बसलेले काका. आईला खोली दिली म्हणता ना? दिली. पण तिच्या खोलीत घरातल्या सगळ्या ट्रंका कोणी ठेवल्या? ती पलंगावरून उतरते कुठं? आणि या ताई. सुनेला "सगळं तुझंच आहे" म्हणता. छान! कपाटाची किल्ली कुठं असते? आणि मी? मी देवाला वेळ देतो. कोणता वेळ देतो? सगळी कामं झाल्यावरचा, जांभया येतानाचा! आणि वर म्हणतो, देव पावत नाही.

मोठं काही करायला सांगत नाही. आज घरी जा. ज्याला तुम्ही काही दिलंय, बायकोला, आईला, भावाला, त्याच्यापुढं बसा आणि एवढंच विचारा: "मी दिलेलं तुला पोचलं का?"

तो "हो" म्हणाला तर उत्तम. आणि तो जर म्हणाला, "काय दिलं होतंस?" — तर चिडू नका. तुम्ही अजून दिलेलंच नाही. तेव्हा उठा, साखळी काढा, आणि द्या.

घ्या टाळ हातात. पंत, सूर द्या. आता देवाचं नाव घेऊ, आणि ते तरी त्याला पोचेल असं घेऊ!